रिकामी उखळं

दा एकेम्मा, आळीची थोरली आई, जाऊन आता दोन वर्षं झाली, तरी शेजारी कुणी उकडलेला याम कंद कांडू लागलं की न्वाकेगोला तीच आठवते. म्हातारी अंगणात मोडकी खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायची. गावातल्या बायकांची ती म्होरकी. कुणी बायकोवर हात उचलला, की सगळ्याजणी मुसळं घेऊन त्याच्या दारात ठाण मांडत, त्याची अब्रू काढणारी गाणी म्हणत. माफी मागेपर्यंत उठायचं नाही, ही नायजेरियातल्या इग्बो बायकांची जुनी रीत.

पण करोनाची टाळेबंदी आली, आणि चार माणसं जमली की पोलिसांचा दांडका पडू लागला. न्वाकेगोचा नवरा ओबिओरा काम सुटून दिवसभर घरात. तिचं अंग रोज काळंनिळं व्हायचं, आणि सासू चुलीपाशी मान खाली घालून बसायची. माहेरच्या वाटा बंद होत्या.

हापशावर पाणी प्यायला सगळ्या मास्क खाली ओढायच्या. न्वाकेगो ओढत नसे.

"तहान लागत नाही का गं तुला?" एकेम्माने एकदा विचारलंच. "की तोंडाला कुलूप घातलंय त्याने?"

न्वाकेगोने मास्क काढला. फुटलेला ओठ पाहून म्हातारीने हातातली बादली खाली ठेवली.

"जमायला बंदी आहे ना? नको जमायला," ती म्हणाली. "उखळ तर प्रत्येकीच्या अंगणात आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आळीभर रिकाम्या उखळांत मुसळं पडू लागली. एकेम्मा ओबिओराचं नाव घेऊन गाण्याची ओळ सोडायची, पुढच्या अंगणातली बाई ती उचलायची. पोलीस आला.

"काय चाललंय?"

"याम कांडतोय, साहेब," एकेम्मा म्हणाली.

"यात याम कुठंय?"

"टाळेबंदीत कुठून आणू? तुम्ही देता?"

तिसऱ्या सकाळी ओबिओरा चिडून आईला म्हणाला, "आई, त्यांना गप्प बसायला सांग."

सासू उठली. आपलं उखळ ओढत तिने अंगणात आणलं.

"तुझ्या बापाच्या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "तेव्हाचं राहिलंय माझं."

ती थकेपर्यंत कांडत राहिली. मग न्वाकेगोने तिच्या हातून मुसळ घेतलं. ओबिओरा अंथरूण गुंडाळून शेतावरच्या खोपटात निघून गेला, तरी ती थांबली नाही.