भरतबद्दलचं गोपनीय मत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही — त्याला ठाऊकच असेल, असा सोयीचा विचार करून मी हात जोडतो आणि उठतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. भरत मगदूम माझ्याच विभागात, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. माझा मित्र — निदान तो तरी तसं मानतो. गारगोटीच्या पुढं एका उघड्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या खळग्यांत, पावसाळ्यात उगवणारी बोटभर झाडं तो अकरा वर्षं मोजत होता. पावसाळ्यात दर रविवारी पहिल्या गाडीनं जायचा. लाकडी चौकट कातळावर ठेवायची, आतलं एकेक रोप मोजायचं, वहीत मांडायचं. गुराखी विचारायचे, "पावणं, सोनं घावतंय व्हय हितं?" हा हसायचा, "न्हाय ओ, गवात मोजतोय की!" मी दोनदा त्याच्याबरोबर गेलो आणि दोन्ही वेळा कंटाळलो.

चाळीस ते पन्नास वयाच्या शास्त्रज्ञांसाठी एक संशोधनवृत्ती असते. पाच वर्षं. शिकवण्यातून सुटका, पगार चालू, आणि हातातलं एकच काम धसास लावायचं. सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी पेपर तपासणं, संध्याकाळी कुठल्या तरी समितीच्या फायली — अशा माणसाला पाच मोकळी वर्षं म्हणजे काय, हे कसं सांगू? भरतनं अर्ज केला. अर्जावर तिघांची गोपनीय मतं मागवतात, दोन अनोळखी आणि एक अर्जदारानं सुचवलेला. त्यानं मला न विचारताच माझं नाव दिलं. "तुमच्यापेक्षा माझं काम कुणाला ठावं हाय, सर?"

आता इथं मी थांबतो. मनातल्या मनात आठवतानाही नेहमी इथंच थांबतो.

तीन वर्षांपूर्वी मीही तोच अर्ज केला होता. गुपचूप. नकार आला, आणि नकारासोबत परीक्षकांचं एक वाक्य — 'नोंदी चिकाटीच्या आहेत, परंतु अर्जदाराला स्वतःचा प्रश्न नाही.' ते वाक्य मला पाठ झालं. खरं होतं म्हणूनच पाठ झालं ना? आता माझं वय नियमात बसत नव्हतं. भरतचं बसत होतं. त्याला वृत्ती मिळणार, त्याचे तास माझ्या माथी येणार, आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटताना तो पहिला पेढा मलाच देणार — ते मला सोसवेना. हेवा वाटला. दुसरा शब्द नाही त्याला.

त्याच्या अर्जाची पहिली दोन पानं मी वाचली. पुढची वाचली नाहीत. आणि माझ्यावर बसलेलं ते वाक्य, अक्षर न बदलता, त्याच्या नावापुढं लिहिलं. केसानं गळा कापणं म्हणतात, ते हेच.

नकार आला. परीक्षकांची मतंही आली, नावं वगळून. भरत कागद घेऊन थेट माझ्याकडं आला. त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, खरं सांगा. असंच हाय व्हय माझं?"

एक शब्द पुरला असता. 'नाही' एवढंच म्हटलं असतं, तर त्यानं पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला असता. त्याचं वय अजून बसत होतं. मी काय म्हणालो? "लिहिणारा जाणकार दिसतोय, भरत." एवढं बोलून चहा मागवला. मत लिहिताना हेवा होता, असं म्हणता तरी येईल. हे बोलताना काय होतं? त्याचा चेहरा माझ्यासमोर होता.

त्यानं सड्यावर जाणं बंद केलं. भांडला नाही, रडला नाही. अकराही वह्या विभागाच्या कपाटात ठेवून दिल्या. "बरं झालं, येळंवर कळालं," म्हणाला.

वर्षभरानं मी त्या वह्या काढल्या. समासात बारीक अक्षरात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारलेली — पाऊस मध्येच खंडला, की बाकीची रोपं मरतात आणि ही एकच जात का वाढते? उत्तराच्या तो अगदी जवळ आला होता. एवढा मोठा, एवढा स्वतःचा प्रश्न माझ्या उभ्या आयुष्यात मला पडला नाही. तेव्हाही मी त्याच्याकडं गेलो नाही. वह्या होत्या तिथं ठेवल्या.

त्याला चार पावसाळे झाले. ते मोजायचे राहिले. न मोजलेला पावसाळा मागून मोजता येत नाही. भरतचं वयही आता उलटून गेलं.

आम्ही रोज एकत्र डबा खातो. एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत त्याच्याकडं येतात, तेव्हा तो त्यांना माझ्या टेबलाकडं पाठवतो. "माझं डोकं त्यात चालत न्हाय, पोरांनो. प्रश्न कसा शोधायचा, ते सरांना इचारा."

मुलं येतात. मी त्यांना सांगतो.