बाबांकडून आलेलं दुखणं

माझ्या उजव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला तेव्हा मी बोईसरच्या घरात एकटीच होते. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती आणि मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला होती. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि मी मोठ्याने ओरडले. ऐकायला कोणी नाही हे दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं आणि उगाचच लाज वाटली. अंगठ्याच्या मुळाशी लालभडक सूज होती. कातडी इतकी ताणली होती की चकाकत होती. पंख्याचा वारा लागला तरी जीव जात होता. प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ढकलत ढकलत स्वयंपाकघरापर्यंत गेले, पाणी प्यायले आणि तिथेच बसून राहिले.

मी एका कापडाच्या कंपनीत, ऑफिसात, हजेरीचं काम बघते. सूज उतरल्यावर कामावर गेले, तेव्हाही चप्पल घसटतच चालत होते. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, पैर में मोच आयी क्या?" मी हो म्हटलं. मोच म्हणणं सोपं होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. मी त्यांना सांगितलं, "माझ्या वडिलांना असंच व्हायचं. असंच, अंगठ्यालाच."

ते हसले. "तो गाऊट. तो पुरुषांचा आजार आहे हो. तुमचं वय झालं, वजन आहे, हा साधा संधिवात. चालत राहा."

मी मान डोलावली. मला तरी दुसरं काय माहीत होतं? आमच्या घरात हेच सांगत आले होते.

माझं माहेर बोईसरजवळचं, समुद्रकाठचं नवापूर. बाबांची बोट होती. वर्षातून एकदोनदा बाबांचा पाय धरायचा, मग ते ओटीवर आडवे व्हायचे आणि उशीवर पाय ठेवून वाशांकडे बघत राहायचे. त्या दिवसांत घरात कोणी धावायचं नाही, जवळून जाताना हळू जायचं. एरवी समुद्रावर ओरडून ओरडून बसलेला त्यांचा आवाज तेव्हा अगदी बारीक व्हायचा. ओलं फडकं अंगठ्यावर ठेवायचं काम माझं होतं, कारण माझा हात हलका आहे असं त्यांचं म्हणणं. फडकं ठेवताना ते डोळे मिटायचे. आमच्यात तेव्हा बोलणं होत नसे. तरी मला ते दिवस आवडायचे, कारण एरवी बाबा माझ्या वाट्याला येतच नसत.

त्यांच्या थोरल्या भावालाही हेच होतं. त्यामुळे माझ्या दादाला मिसरूड फुटली तशी बाबांनी त्याला बसवून सांगितलं, "आपल्या रगतातच हाय ते. तू चिंबोरी नको खाऊ, कोलंबी नको खाऊ, दारूला तर हात लावूच नको."

मी तिथेच मासळी निवडत बसले होते. मी विचारलं, "आनि मी?"

"पोरींना नाय होत," बाबा म्हणाले. आई आतून म्हणाली, "ती माझ्यावर गेलीय."

ते खरंच होतं. दादा म्हणजे बाबांची प्रतिकृती. तेच नाक, तीच चाल. गावात कोणीही लांबून ओळखायचं. माझा चेहरा, केस, हात सगळं आईचं. बाबा आणि दादा बोटीवरून यायचे, दोघं एकसारखे पाय फाकवून ओटीवर बसायचे, दोघांमध्ये त्या दुखण्याबद्दलही गप्पा व्हायच्या, आणि मी दाराशी उभी राहून ऐकायचे. मला त्या गप्पांचासुद्धा हेवा वाटायचा, हे आज लिहिताना विचित्र वाटतं.

दादाने बाबांचा शब्द पाळला. कोळ्यांच्या घरात जन्मून त्याने उभ्या आयुष्यात चिंबोरी तोंडाला लावली नाही. लग्नातसुद्धा त्याचं ताट वेगळं वाढलं जायचं. बाबा गेले तेव्हाही तो म्हणाला होता, "आता माजा नंबर." त्याचा नंबर आला नाही.

माझा पाय मात्र पुन्हा पुन्हा धरायला लागला. कधी अंगठा, कधी घोटा. जवळच्या पाम गावात मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. साडी काढून ठेवली होती, आदल्या दिवशी पाय सुजला. फोन करून सांगितलं तर बहीण म्हणाली, "बोईसरला राहून तू मोठी झालीस बाई, आमच्याकडे कशाला येशील?" पायाचं सांगितलेलं तिला पटलं नाही. दुखणं बाहेरून दिसतच नाही. आठवडा गेला की मी पुन्हा धडधाकट. त्या दिवशी ती साडी मी घडी न घालता खुर्चीवर तशीच राहू दिली. संध्याकाळी शेजारच्या घरात टीव्हीवर कसलीतरी मालिका चालू होती, ती भिंतीतून ऐकत बसले. कथा कळत नव्हती, पण माणसांचे आवाज होते.

शेवटी ऑफिसातल्या एकीच्या सांगण्यावरून पालघरला एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय बघितला, रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट आल्यावर एकामागून एक प्रश्न विचारायला लागल्या. पाळी कधी गेली? ब्लडप्रेशरची गोळी कोणती? घरात हे कुणाला होतं?

"वडिलांना. आणि काकांना."

"मग तुम्हाला आधी कोणी तपासलं नाही?"

"बायकांना होत नाही ना ते," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "होतं. पुरुषांना जास्त होतं आणि लवकर होतं, हे खरं. पण जे वडिलांकडून येतं ते मुलगा की मुलगी बघून येत नाही. युरिक ॲसिड मूत्रपिंडातून नीट बाहेर जात नाही आणि सांध्यात साठतं, हा गुण रक्तात उतरतो. बाईला पाळी येत असेपर्यंत तिचं शरीर ते बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेली की ती मदत कमी होते. त्यात तुमची प्रेशरची ही गोळी, तिनेही युरिक ॲसिड वाढतं. ती बदलू. हा गाऊटच आहे."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं, मी घाबरले. त्या म्हणाल्या, "अहो, यावर औषध आहे. रोज घ्यायचं, एवढंच." मी मान हलवत राहिले. त्यांना कसं सांगणार की मला भीती वाटली नव्हती? आयुष्यभर मी आईवर गेलेली मुलगी होते. बाबांचं माझ्यात काही आहे हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा ऐकायला बाबा नव्हते.

पुढच्या रविवारी नवापूरला गेले. दादा अंगणात बसला होता, वहिनी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळायला अडकवत होती. मी सरळच सांगून टाकलं. दादाने वाकून माझ्या पायाकडे बघितलं.

"तुला? बाबांचं?"

"हो."

"माज्या वाटचं तू घेतलंस, बाय," तो म्हणाला. मग, "म्हंजे मी एवढी वर्सं उगाच नाय खाल्लं?"

वहिनीला हसू फुटलं. तिने तोंडाला पदर लावला, पण ती हसतच होती, आणि मलाही हसू आलं. दादा मात्र हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हरवल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, त्या दुखण्याची वाट बघण्यात तो आजवर बाबांच्या सोबत होता, आणि ती सोबत मी त्याच्याकडून काढून घेतली.

मी त्याला पालघरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्याचं रक्त चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, "रक्तात असलं तरी प्रत्येकाला होतंच असं नाही. तुम्ही जपलंत, त्याचाही उपयोग झाला असेल. आता थोडं खायला हरकत नाही."

वहिनीने त्याच आठवड्यात चिंबोऱ्यांचा रस्सा केला आणि मलाही बोलावलं. माझ्यासाठी वेगळी डाळ होती. आम्ही दोघी दादाच्या तोंडाकडे बघत बसलो. त्याने एक नांगी उचलली. ती कशी फोडायची हे त्याला माहीत नव्हतं, वहिनीने फोडून दिली. त्याने थोडं चाखलं, चघळलं आणि ताट पुढे सरकवलं.

"नाय गं. नको वाटतं," तो म्हणाला, आणि माझ्या डाळीतली वाटीभर स्वतःकडे घेतली. आम्ही दोघं डाळभात जेवलो. रस्सा शेजारी गेला.

औषधाने मला बरं आहे. सुरुवातीला एकदोनदा पाय धरला, तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता महिनोन्‌महिने काही होत नाही. चालता येतं, कामावर जाता येतं. लग्नांना जाता येतं, पण बोलावणी आता कमी झाली आहेत.

मुलीला सांगायला मला वेळ लागला. फोनवर ती नेहमी कुठेतरी जात असते, मागे रस्त्याचा आवाज असतो. एक दिवस म्हटलंच, "हे आपल्या घरात आहे. मुलींनाही होतं. तू एकदा तपासून घे आणि पुढे पाळी जायच्या वयात लक्षात ठेव."

"मम्मी, त्याला अजून किती वर्षं आहेत!"

"म्हणूनच आत्ता सांगते. तेव्हा मी असेन नसेन."

ती चिडली. असं बोलू नकोस म्हणाली. पण काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर तिचा रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "आजोबांना खूप दुखायचं का गं? तू त्यांच्याबद्दल कधी काही सांगतच नाहीस."

मी सांगायला लागले. बाबांची बोट, त्यांचा बसलेला आवाज, पाय धरला की बारीक होणारं बोलणं. पहिल्यांदाच सांगत होते, त्यामुळे शब्द मागेपुढे होत होते. ती "हं, हं" म्हणत होती. तेवढ्यात तिच्याकडे बेल वाजली.

"मम्मी, कोणीतरी आलंय. नंतर करते हां."

मी बरं म्हटलं. गॅसवर दुधी शिजत होता, तो उतरवला. कणिक भिजवलेली होती, दोन पोळ्या केल्या आणि जेवून घेतलं.