मोजणीवाली मॅडम

रिक्षातून उतरायच्या आधी ती हात बाहेर काढायची. तळवा उघडा, बोटं पसरलेली. मग विचारायची, "वारा कुठून येतोय?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई येडी आहे. सवारी भाडं विचारते, फार तर शॉर्टकट विचारते. वारा कोण विचारतं हो? मी म्हटलं, "खाडीकडून मॅडम. वासावरून कळतंय ना!"

"नाकावर जाऊ नका," ती म्हणाली. "मी ज्याच्या मागं आलेय त्याला स्वतःचा वासच नसतो."

तेव्हा मी कोन गावच्या नाक्यावर रिक्षा चालवायचो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं भराव टाकून बुजवत होते आणि त्यावर गोदामं उठत होती. आमच्या गावामागच्या भरावात माती फक्त वरवर, खाली सगळा शहराचा कचरा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन सुटतो आणि बंद जागेत कोंडला की एका ठिणगीनं पेटतो, हे तिनं सांगितल्यावर कळलं. गोदाम बांधणाऱ्या कंपनीनं तिला पाठवलं होतं. गॅस कुठून निघतोय ते शोधून नकाशावर मांडायचं, हे तिचं काम. माझी रिक्षा तिनं रोजानं ठरवली होती.

पन्नाशीची असेल. ठेंगणी, पायात पुरुषी बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. गळ्यात लेसरचं यंत्र, दिसायला सुताराच्या ड्रिलमशीनसारखं. समोर धरून बटण दाबलं की लांब जमिनीवर हिरवा ठिपका पडायचा आणि पडद्यावर आकडा यायचा. किरण जमिनीवर आपटून परत येतो, वाटेत गॅस भेटला तर तेवढा अशक्त होऊन येतो, असं तिनं मला समजावलं. मला अर्धं कळलं. आकडा फुगला की तिथं लाल निशाण रोवायचं, एवढं पक्कं कळलं.

काही जागी गवत उगाच पिवळं पडलेलं असायचं. डबक्यात पाऊस नसताना बुडबुडे यायचे. ती नुसती बोट दाखवायची आणि पुढं चालायची. माझ्या अंगावर काटा यायचा, कारण याच मातीवर मी लहानपणी क्रिकेट खेळलो होतो.

घोळ केला तो एका शब्दानं. कोणीतरी विचारलं, काय करता? ती सरळ म्हणाली, "मोजणी."

आता आमच्याकडं मोजणी म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. मोजणी झाली की जमीन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव सातबारा घेऊन हजर! एक म्हातारी तर बांधावर आडवीच पडली. मी म्हटलं, "मॅडम, हा शब्द इथं काढू नका."

"मग काय म्हणू? तपासणी?"

"अरे देवा! मग विजेची चोरी धरायला आलात असं समजून सगळे पॉवरलूमवाले शटर पाडतील."

ती हसली. डोळे पुसेपर्यंत हसली. मला ती फार आवडायची, सांगून टाकतो.

माझ्या सख्ख्या काकांच्या जागेत तीन-चार निशाणं आली, अगदी त्यांच्या नव्या विटांच्या खोलीला लागून. खोली त्यांनी गोदामाच्या ऑफिससाठी बांधली होती. काकांनी ओळखलं, गॅस हे नुसतं निमित्त, सरकार हीच जागा घेणार. मग पावसाची झड लागली, मॅडमचं काम थांबलं, आणि तेवढ्यात काकांनी निशाणं उपटून पलीकडं भावकीच्या जागेत नेऊन रोवली. तिथं जानूचं कुडाचं झोपडं होतं. जानू डोंगरपाड्यातला, पूर्णा गावच्या गोदामात रातपाळीला हमाली करायचा, जाग आली की आधी विडी शिलगावायचा.

झोपड्याभोवती लाल निशाणं बघून जानूची बायको सोनी घाबरली. इथं गॅस हाय म्हणून तिनं चूलच पेटवली नाही. मग काकांना दया आली. खोटं नाही सांगत, खरोखरच आली. त्यांनी दोघांना आपल्या पक्क्या खोलीत राहायला नेलं. हे सगळं मला मागाहून कळलं.

झड थांबल्यावर मॅडम आली. हात बाहेर काढला, वारा पाहिला, आणि उतरून तशीच थबकली.

"निशाणं तिकडं कशी गेली? आणि झोपड्यातली माणसं कुठं आहेत?"

काका छाती काढून म्हणाले, "माज्या खोलीत ठेवलंय मॅडम. मी काय राक्षस हाय? कुडाच्या घरात पानी गलतं."

"काका, कुडातून वारा जातो हो! म्हणून ती जगली तिथं."

ती खोलीकडं निघाली. दार बंद, खिडकीची काच बंद. ओल्या मातीतून गॅसला वर यायला वाट नव्हती, तो बाजूनं सरकत होता. तिनं काचेतून ठिपका आतल्या भिंतीवर टाकला आणि पडद्यावर आकडा एकदम फुगला.

"रिक्षा बंद करा. लांब थांबा," असं मला म्हणाली, आणि कधी घाई न करणारी ती बाई पळत सुटली.

दार ठोठावलं. सोनीनं उघडलं. "बाहेर ये. काही उचलू नको, काही पेटवू नको."

"मानूस निजलाय आत. आताच आलाय ड्युटीवरशी."

मॅडमनं तिला हाताला धरून माझ्याकडं ढकललं आणि आत गेली. मी तिचा आवाज ऐकला. "जानू, ऊठ. ऊठ बाबा." मग जरा थांबून, एकदम मोठ्यानं, "ती काडी टाक! टाक ती काडी!"

धप्प असा एकच आवाज झाला. पत्रे वर उचलले गेले आणि खाली आले.

जानू वाचला. चेहरा आणि हात भाजले, पण वाचला. मॅडमला मुंबईला इस्पितळात नेलं. मी दोनदा गेलो, आत सोडलं नाही. नात्यातले कोण, असं विचारायचे. रिक्षावाला, असं काय सांगणार? तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारातूनच दिसलं, पलंग रिकामा होता.

काकांवर मी भर नाक्यात ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. ते खाली बघत एवढंच म्हणाले, "ती मोजनी म्हनाली रं. मी काय समजायचं?" मी रिक्षा वळवली.

मॅडमला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सोनीनं मला बोलावलं. ती दोघं आता डोंगराकडं, पाड्यावर राहतात. अंगणात चूल मांडली होती.

"दादा, त्या बाईला काय आवडायचं? तिच्या नावानं ठेवायचं हाय."

नाव तिला ठाऊक नव्हतं, तिनं विचारलंही नाही. मी म्हटलं, "चहा. बिनसाखरेचा." दुसरं मला काही माहीत नव्हतं.

तिनं आधण ठेवलं, लाकडं सारखी केली. काडी पेटीवर टेकवली आणि तिचा हात तिथंच थांबला. चारी बाजूंनी उघडा डोंगर, भणाणता वारा. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काडी वढू?" तिनं विचारलं.