सासूबाईंएवढं अंतर

माझे भाऊजी चौदा चाकांचा ट्रक चालवतात. पाऊस पडला की मात्र ते चालवत नाहीत, ट्रकची समजूत काढत काढत त्याला पुढे नेतात. गॅरेजमध्ये सगळे त्यांना गोगलगाय म्हणतात. मी त्याच ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून आहे आणि बहीण-भाऊजी आमच्याच घरी राहतात, त्यामुळे हे नाव रोज ऐकायचं आणि घरी बहिणीसमोर गिळायचं, हे काम माझ्याकडे.

भाऊजींची एक पद्धत आहे. पुढची गाडी रस्त्याकडेच्या खांबापाशी पोचली की ते बायकोच्या नातेवाइकांची नावं घ्यायला लागतात. मोठी मावशी, मधली मावशी, धाकटी मावशी, मामा. एकाला एक सेकंद. मामा म्हणून होण्याआधी आपला ट्रक त्या खांबापाशी आला, तर आपण फार जवळ आहोत, वेग कमी करायचा. हे कोरड्या रस्त्याचं. पावसात अंतर दुप्पट, म्हणून माणसंही दुप्पट: मामी, मोठी आत्या, धाकटी आत्या आणि सगळ्यांत शेवटी सासूबाई. स्वतःचे नातेवाईक का नाही घेत, असं मी एकदा विचारलं. "आमच्याकडे सगळे मिळून तिघं," ते म्हणाले. "तिघांत ट्रक थांबत नाही."

सासूबाई म्हणजे माझी आई. हे तिला कळल्यापासून तिचं तोंड फुगलेलं होतं.

"कोरड्यात माझी आठवणच नाही! पावसात आले ती पण शेवटी, धाकट्या वन्संच्या मागे? जावईबापूंना सांग, एक तर पहिला नंबर द्या नाहीतर माझं नावच काढा."

भाऊजींनी नम्रपणे कळवलं की क्रम बदलला तर ताल चुकतो. त्यावर आईने त्यांच्याशी बोलणं बंद केलं आणि पोळ्या मात्र दोन जास्त वाढल्या. तिचा राग असाच असतो.

मग मालकांनी दम दिला. आणखी एकदा उशीर झाला की ट्रक रॉकेटच्या ताब्यात, आणि भाऊजींनी फाटकाशी स्टुलावर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. रॉकेट हा आमचा सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर. भाऊजींनी बावीस वर्षं स्टिअरिंग सोडून दुसरं काही धरलेलं नाही. त्या स्टुलावर ते महिनाभरात वाळून गेले असते. बहिणीने तर रडून घर डोक्यावर घेतलं. वर मालकांनी मलाच ट्रकमध्ये बसवलं. "सोबत जा आणि उशीर का होतो ते लिहून आण. मेहुणेपणा करू नकोस."

माल होता बेचाळीस कमोड. नव्या वसतिगृहात चार वाजता प्लंबर वाट बघत बसणार होते. रॉकेटच्या ट्रकमध्ये त्याच वसतिगृहाची बेचाळीस बेसिनं होती.

निघायच्या आधी भाऊजींनी चौदाही टायर वाकून तपासले, दिवे पुसले, वायपर उचलून बघितले. मी घड्याळ बघत होतो. अर्ध्या वाटेत आभाळ फाटलं. भाऊजींनी भरदुपारी दिवे लावले, वेग निम्म्यावर आणला आणि तोंडाने सुरू केलं, "मोठी मावशी, मधली मावशी..."

आठ माणसांची मोकळी जागा दिसली की कोणालाही त्यात घुसावंसं वाटतं. आधी एक टेम्पो घुसला. भाऊजी मागे सरले आणि पुन्हा मोठ्या मावशीपासून सुरू. मग एक बस घुसली. पुन्हा मोठी मावशी. पाऊण तासात माझ्या मोठ्या मावशीचं नाव इतक्यांदा घेतलं गेलं की तिला उचक्या लागून ती बेजार झाली असेल. शेवटी रॉकेट हॉर्न वाजवत, हात हलवत, आमच्या काचेवर बादलीभर चिखल उडवून पुढे घुसला. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, नोकरी जाईल! निदान सासूबाईंना तरी गाळा!"

"अरे, तुझी आई आहे ती."

"म्हणूनच सांगतोय. तिलाही तेच हवंय!"

पुढे उतार होता. भाऊजींनी उताराआधीच खालचा गिअर टाकला आणि नव्याने नावं घ्यायला लागले.

उताराच्या मध्यावर रॉकेटने करकचून ब्रेक मारला. त्याची चाकं जागच्या जागी अडली आणि आख्खा ट्रक साबणाच्या वडीसारखा घसरत रस्त्यात आडवा झाला. आतून बेसिनांचा असा आवाज आला की माझे दात वाजले. भाऊजी ब्रेक हळूच दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. "मामी... मोठी आत्या... धाकटी आत्या..."

ट्रक थांबला. मागे एकाही कमोडचं हूं की चूं नाही. मी पावसात उतरून आमच्या ट्रकपासून रॉकेटच्या ट्रकपर्यंत पावलं टाकली. अकरा भरली.

"एवढं कोणाचं उरलं?" मी विचारलं, तरी मला माहीत होतं.

"सासूबाईंचं," भाऊजी म्हणाले.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रॉकेटच्या कपाळावर फक्त एक टेंगूळ आलं. बेसिनांचं मात्र नाव काढू नका. रस्ता मोकळा होऊन आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटं होती. बेचाळीस कमोड धडधाकट उतरले. दुसऱ्या दिवशी मी अहवाल मालकांच्या टेबलावर ठेवला. त्यात लिहिलं होतं: उशिराचं कारण, चालकाच्या सासूबाई. माल न फुटण्याचं कारण, त्याच.

मालकांनी दोनदा वाचलं. "या बाई कोण?"

"माझी आई."

त्यांनी खिडकीतून रॉकेटच्या ट्रककडे बघितलं. "गोगलगायीला ट्रकवरच राहू दे," ते म्हणाले. "आणि रॉकेटला आठवडाभर त्याच्याशेजारी बसव. नावं पाठ करायला लाव."

घरी मी माझ्या बायकोसकट सगळ्यांना सारं सांगितलं, आईला गाळा म्हणालो होतो तेसुद्धा. आई पोळी लाटत राहिली. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थेट जावयाशी बोलली.

"मला शेवटीच राहू द्या. तिथून हलवू नका."

"बरं, सासूबाई."

"आणि धुक्यात म्हणे समोरचं दिसतच नाही." तिने पोळी तव्यावर टाकली. "तेव्हा माझ्या मागे सूनबाईलाही घाला."