अच्युतचा पिवळा

"मराठवाड्याच्या उन्हापुढे त्यांचा पिवळा रंग काळवंडला. ते अपयश जिव्हारी लागले आणि त्यांनी कारखाना सोडला." माझा मित्र अच्युत याच्या शोकसभेत, गेल्या महिन्यात केजला, हे वाक्य उच्चारले गेले. मग ते याच पुरवणीत छापून आले. परवा मांजरसुंब्याच्या धाब्यावर चहा पिताना एका अनोळखी गृहस्थाने ते मलाच ऐकवले, आणि वर हळहळही व्यक्त केली. गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे हा संकेत मला मान्य आहे. चांगल्या शब्दांत गुंडाळून खोटे बोलण्याची मुभा त्यात नाही. सभेत माझी पाळी आली तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. माझ्या आधी बोललेल्या भाऊसाहेबांना मात्र वेळ पुरून उरला होता. हे वाक्य त्यांचेच. अच्युतच्या कारखान्यात त्यांची जमीन होती, भांडवल होते, आणि रंगाचे डबेही शेवटी त्यांच्याच गोदामात राहिले... एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

अच्युत आणि मी अंबाजोगाईला एका खोलीत राहून शिकलो. पुढे मी जनावरांचा सरकारी डॉक्टर झालो आणि तो रसायनशास्त्रज्ञ. काही वर्षे त्याने ठाण्याकडच्या एका रंगांच्या कंपनीत काढली. तिथून तो परतला तो केज रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडाला गंज न धरू देणारे लेप तयार करायला. पाण्याचे टँकर, उसाच्या लोखंडी गाड्या, विहिरीवरचे पंप... आपल्याकडचे खारट पाणी लोखंड कसे खाते, हे त्याला कुणी सांगावे लागत नव्हते. त्याची सगळ्यात मोठी करामत म्हणजे तो पिवळा लेप. शिशापासून होणारा पिवळा रंग झगझगीत असतो, पण उन्हात काळा पडत जातो. अच्युतने त्या रंगाच्या एकेका कणाभोवती काचेसारखे पातळ कवच चढवण्याची रीत शोधली. "तुझ्या गोळ्यांवर साखरेचं पांघरूण असतं ना, तसंच," तो मला म्हणाला.

मी सहजासहजी विश्वास ठेवणारा माणूस नाही. शेडपुढच्या अंगणात कमरेइतक्या उंचीच्या घडवंचीवर त्याने रंगवलेले पत्रे दक्षिणेकडे तोंड करून उन्हात मांडले होते. दोन उन्हाळे गेले तरी ते ताजे दिसत. मला शंका आली, हा पत्रे बदलत तर नसेल? तो आत चहा सांगायला गेला असताना मी खिळ्याने एका पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात माझ्या नावाचे पहिले अक्षर कोरून ठेवले. पुढच्या खेपेला त्याने ते पाहिले आणि पोट धरून हसला. "काय बे वामन, तू म्हैस गाभण आहे का हेसुद्धा दोनदा तपासत असशील!" तपासतो. दोनदाच तपासतो. त्यात मला आजही काही वावगे वाटत नाही.

त्या वर्षी पोळ्याला त्याने आपल्या गावात पिवळ्याचे डबे फुकट वाटले. बैलांची शिंगे त्या रंगाने अशी उजळली, की वेशीतून मिरवणूक निघाली तेव्हा बाजूच्या गावची माणसे रंग कुठला म्हणून विचारू लागली. अच्युत घरच्या लग्नात वावरावे तसा त्या गर्दीत वावरत होता. शोकसभेत ज्याला खचलेला म्हटले गेले त्या माणसाला मी इतका आनंदी एरवी कधी पाहिला नाही.

पोळा होऊन थोडे दिवस झाले असतील. त्याच गावचा मारुती नावाचा धनगर माझ्या दवाखान्यात आला. "डॉक्टरसाब, वासरू भिताडाला डोकं लावून उभं हाय बगा. बोलावलं तरी हालंना. कावून असं करतंय?" मी गेलो. वासराला दिसत नव्हते. ते दात खात होते, आणि त्याच्या हनुवटीच्या केसांत पिवळा रंग वाळला होता. उकिरड्याजवळ रिकामा डबा पडला होता, आतून चाटूनपुसून लख्ख. लेपात जवसाचे तेल होते. जनावराला त्याची गोडी लागते, आणि तेलाबरोबर शिशाचे विष पोटात जाते. मी तसाच शेडवर गेलो. अच्युत आधी माझ्यावरच उखडला, "माझं नाव झालेलं तुला सलतंय."  मी त्याला स्कूटरवर बसवले आणि गोठ्यात आणून उभे केले. त्याने वासराच्या डोळ्यांपुढे हात हलवला. वासराने पापणीही लववली नाही. ते संध्याकाळी गेले. तो म्हणाला, "कवच ऊन अडवतं... रवंथ अडवत नाही. ते मी धरलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून तो काचेचे तुकडे घेऊन गोठ्यागोठ्यांतून हिंडला आणि बैलांची शिंगे स्वतः खरवडली. बैल एकमेकांना चाटतात, हे त्याला मीच सांगितले होते. लोकांनी कमी बोलून घेतले नाही. "दिलेला रंग परत न्यायला आला काय बे? पोळा झाला की शिंगं बोडकी करतो व्हय!" एका म्हाताऱ्याने तर बैल सोडवून घेतला आणि अच्युतला साऱ्या वस्तीसमोर वेडा ठरवले. अच्युतने सगळे ऐकून घेतले, आणि दुपारी पुन्हा जाऊन त्या बैलाची शिंगे खरवडली.

मग कारखान्यात भाऊसाहेबांशी बोलणे झाले. मी तिथे होतो. भाऊसाहेब म्हणाले, "एका वासरापायी? अहो, आपला लेप गाडीला लावायचा. गाडी चाटते का?" अच्युत म्हणाला, "गाडीला बांधलेला बैल चाटतो." त्याने पिवळा बंद करायला सांगितले. भाऊसाहेबांनी विचार करू म्हटले. अच्युतने त्याच दिवशी किल्ली टेबलावर ठेवली. तयार डबे गोदामात होते. ते पुढे कुठे गेले, कुणाच्या गाड्यांना लागले, हे मी अनेकदा विचारले आहे. उत्तर आलेले नाही. रंग काळवंडला म्हणून बंद झाला, असे एकदा सर्वांच्या तोंडी बसले की गोठ्यात काय झाले, हे विचारायला कुणी उरत नाही. ही सोय कुणाची, हे वाचकांनीच ठरवावे.

त्यानंतर अच्युतने घरामागे छोटी खोली बांधली आणि शिसे नसलेला लाल लेप केला. तो पिवळ्याइतका देखणा नव्हता. टिकायलाही थोडा कमीच होता, आणि हे तो गिऱ्हाइकाला आपणहून सांगे. आपल्या बैलांच्या शिंगांना मरेपर्यंत त्याने गेरूच लावला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात आमची शेवटची भेट झाली. लोक तुझ्याविषयी काय बोलतात ते ठाऊक आहे ना, असे मी विचारले. त्याने डोळे मिटूनच उत्तर दिले, "बोलू दे. तू भांडशीलच की..."

परवा, धाब्यावरून उठलो तो थेट त्याच्या घरी गेलो. अच्युतच्या पत्नी शांतावहिनी अंगणात होत्या. कारखाना सोडतानाच त्याने घडवंची मोडली होती, सगळे पिवळे पत्रे घरी आणून जमिनीत खोल पुरले होते. एक मात्र ठेवला होता, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी खांबावर, अगदी वर बांधलेला. तिथे दिवसभर ऊन असते. एवढ्या उंचावर कशाला, असे मी वहिनींना विचारले. "तिथवर कुणाची जीभ पोचत न्हाई, म्हणले होते," त्या म्हणाल्या. मी शिडी मागितली. या वयात चढू नका म्हणून त्यांनी विनवले, आणि मग शिडी धरूनही उभ्या राहिल्या. वर जाऊन मी रुमालाने धूळ पुसली. खालच्या कोपऱ्यात खिळ्याने कोरलेला माझा 'वा' आहे. पत्रा पिवळा आहे.