ज्योत्स्नाताईंच्या कोडमधली चूक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — तिला वाटतं, त्या नोकरीतलं सगळं तिला ठाऊक आहे. याआधी दोनदा लिहायला बसलो, आणि दोन्ही वेळा यंत्राच्या माहितीतच घोटाळत राहिलो. माणसापर्यंत आलोच नाही. मुद्दामच असेल का ते?

म्हणून आधी माणूस.

ज्योत्स्ना इंगळे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, म्हणून ताई. अकोल्याच्या. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायच्या आणि तिथून ऑटोनं अमरावतीला, आमच्या ऑफिसात. आमची कंपनी लहान होती. कॉलेजांचे प्रवेशअर्ज ऑनलाइन भरून घ्यायचं काम करायची. चार पानांच्या त्या अर्जाचा प्रोग्राम ताईंनी लिहिलेला, एकटीनं. कोडच्या ओळींशेजारी त्या मराठीत टिपणं लिहायच्या — ‘इथे पोरगी चुकू शकते, समजावून सांगा.’ असं कोण लिहितं? त्या लिहायच्या. नोकरी कंत्राटी, दरवर्षी सही व्हायची.

मी नेटवर्क सांभाळायचो. आमचे चार सर्व्हर होते, आणि त्यांच्या पुढ्यात गर्दी वाटून देणारं एक यंत्र, लोड बॅलन्सर. अर्ज भरणाऱ्या पोरांना बाहेरून एकच पत्ता दिसायचा. त्या पत्त्याला आम्ही व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतो. खरा सर्व्हर नाही तो, नुसता दरवाजा. तो बनवताना त्याचा प्रकार निवडावा लागतो. आमचा ‘स्टँडर्ड’ होता. हा प्रकार आलेली प्रत्येक विनंती उघडून वाचतो, आणि पहिल्या पानावर जी मुलगी ज्या सर्व्हरकडे गेली, तिला चौथ्या पानापर्यंत त्याच सर्व्हरकडे धाडतो. तिचा अर्धवट भरलेला अर्ज त्या एकाच सर्व्हरपाशी असतो. दुसराही एक प्रकार असतो — वेगाचा. तो आत बघतच नाही. आलं की ढकललं पुढे.

अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात साइट रेंगाळायला लागली. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. “प्रशांत, काहून इतकी हळू चालून राहिली बे? वरून फोन येऊन राहिले मले.”

मी प्रकार बदलला.

इतकंच. पाच मिनिटांचं काम. जतन करताना यंत्रानं अडवलं होतं — मुलीला त्याच सर्व्हरकडे धाडायची सोय या प्रकारात चालत नाही, आधी ती काढा. मी वाचलं. आणि काढली. बदलांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, ताईंना विचारलं नाही. पहिलं पान उघडून पाहिलं, झटकन आलं. साहेबांनी पाठ थोपटली. मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुपारपासून पोरांच्या तक्रारींचे फोन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलदऱ्याकडची एक मुलगी आईला घेऊन थेट ऑफिसात आली. दोघींनी पहाटेची एसटी धरली होती. मुलगी हळू आवाजात म्हणाली, “तिसऱ्या पानावर गेलं की पुन्हा पहिलंच पान येते. सात वेळा भरला जी.” आई कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

तिसऱ्या पानावर. ते ऐकलं आणि मला कळलं. मुलगी एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे फेकली जात होती, आणि दुसरा तिला ओळखत नव्हता. त्या क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं? ओरडा बसला असता. पण काल पाठ थोपटून घेतली होती ना मी.

ताईंनी त्या मुलीला आपल्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःचा कोड उघडून ओळ न ओळ तपासायला लागल्या. दीडच्या सुमारास सगळे डबे घेऊन उठले. ताई उठल्या नाहीत. मीही नाही. त्यांनी काहीतरी लहानशी दुरुस्ती केली, आणि त्याच वेळी, चार टेबलं सोडून, मी प्रकार पुन्हा स्टँडर्ड केला आणि काढलेली सोय परत लावली.

अर्ज चालायला लागला. मुलीच्या अर्जाचा नंबर आला, पावती निघाली. आईनं ताईंचे दोन्ही हात धरले.

ताई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता. “भाऊ, चालून तं गेलं. पण काहून चाललं, तेच समजून नाही राहिलं मले.”

मी म्हणालो, “चाललं ना ताई? मंग झालं.”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. खोटंसुद्धा नाही ते — त्याहून वाईट आहे.

संध्याकाळी बैठक झाली. साहेबांनी विचारलं, नेटवर्ककडून काही बदल केला होता का? मी “नाही” म्हणालो. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंची दुरुस्ती झाली आणि अर्ज चालला — मग चूक कुणाची होती? कुणी आवाजही चढवला नाही. ताई स्वतःच म्हणाल्या, “माह्याच प्रोग्राममधी काही असन साहेब. मी शोधतो.” यंत्राच्या नोंदीत माझे दोन्ही बदल वेळेसकट होते, पण त्या नोंदी फक्त मीच पाहू शकत होतो. मी त्या पुसल्या नाहीत. काही आठवड्यांनी जुन्या नोंदी आपोआप जातात. मी तेवढी वाट पाहिली.

त्या वर्षी ताईंच्या कंत्राटावर सही झाली नाही. त्यांना निरोप देताना पेढे मीच आणले होते.

आज मी नव्या लोकांना शिकवतो. फळ्यावर व्हर्च्युअल सर्व्हरचे प्रकार लिहितो, आणि वेगाच्या प्रकारापाशी आलो की सांगतो, “एका ठिकाणी असं झालं होतं.” एका ठिकाणी! कुणीतरी विचारतंच — मग ज्यानं प्रकार बदलला, त्या माणसाचं काय झालं? मी म्हणतो, ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला एका लग्नात ताई भेटल्या. केस पांढरे झालेत. शाळेत मुलांना कॉम्प्युटरवर टायपिंग शिकवतात. माझ्या पोरांची चौकशी केली, मनापासून. मी विचारलं, प्रोग्राम लिहिता का अजून? हसल्या.

“नाही भाऊ. हातच नाही धजत. त्या अर्जाचा कोड छापून आणला होता मी घरी. अजूनई कधी कधी काढून वाचतो. चूक काही सापडत नाही. तुमी होते ना तवा तिथं, तुमाले काय वाटते? कुठं असन?”

मंडपातून कुणीतरी पंगतीला हाक मारली. मी म्हणालो, “इतकं जुनं कुठं आठवते, ताई,” आणि जेवायला जाऊन बसलो. जेवलोही, पोटभर.

त्यांच्या कोडमध्ये चूक नव्हती. एकाही ओळीत नव्हती. दरवाजा मी बदलला होता, मला ते ठाऊक होतं, आणि त्यांनी मला समोरासमोर विचारलं होतं.