मंगळवारच्या रांगेतल्या टोपल्या

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या काकीवर. कधी झाला, तेही सांगते: ऊसतोडणीच्या भर दिवसांत, एका मंगळवारी सकाळी, आमच्या गावच्या दवाखान्याचं फाटक उघडलं तेव्हा.

काकीने पहाटे कामाच्या लॉरीत चढण्याआधी आपली तांत दवाखान्याच्या पायरीपाशी ठेवली होती. तांत म्हणजे वाकुआच्या, केवड्यासारख्या झाडाच्या, पातीची विणलेली बाजाराची टोपली. तिच्या टोपलीच्या पुढे आणि मागेही अशाच टोपल्या होत्या. शेतावर जाणाऱ्या बायकांची ती रांग. टोपली ठेवायची, लॉरीने जायचं, नेमून दिलेलं तण काढायचं, आणि डॉक्टर यायच्या सुमाराला परत येऊन आपापल्या टोपलीमागे उभं राहायचं. डॉक्टर आमच्याकडे फक्त मंगळवारी येई. ही रीत माझ्या जन्माआधीची. त्यावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

त्या मंगळवारी डिस्पेन्सरने, म्हणजे औषधं देणाऱ्या आणि दवाखाना चालवणाऱ्या मिस्येने (आमच्याकडे साहेबाला मिस्ये म्हणतात), सगळ्या टोपल्या फाटकाबाहेर टाकायला लावल्या. म्हणाला, "मी माणसांची रांग लावतो, भाजीबाजाराची नाही." काकी आली तेव्हा तिची टोपली गटारात होती आणि ती स्वतः रांगेच्या शेपटाला. पुढे कोण? ज्यांना सकाळी कुठे जायचं नव्हतं ते. काकीच्या नडगीला उसाच्या खुंटाची जखम होती, भरत नव्हती, वास यायला लागला होता. डॉक्टर निघून गेला. जखम कुणी बघितली नाही.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. आम्ही पोरंपोरी सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर शाईने हात बरबटून घ्यायचो आणि बसस्टॉपवर वाटायचो. जाहीर निषेध, धिक्कार, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. टोपल्यांवरही मी एक पत्रक काढलं. काकीच्या हातात दिलं तर तिने ते उलटसुलट करून बघितलं.

"गो बाय, कागद चांगला हाय," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "जाड हाय. चूल लगेच पेटली."

त्याच सुमारास मी टपालाने एक अभ्यासक्रम करत होते. परदेशातलं कॉलेज. लोकांना जिथे जिथे वाट बघावी लागते तिथली व्यवस्था कशी आखायची, हा विषय. दवाखाना, बँक, कचेरी. विमानाने पाकीट यायचं, त्यात धडा आणि मास्तरांच्या आवाजाची एक कॅसेट. उत्तर पाठवलं की ते तपासून येईपर्यंत आपण काय लिहिलं होतं तेच विसरायला व्हायचं. शेवटी तिघांनी मिळून एक काम करायचं होतं. कॉलेजने गट परस्पर ठरवला. मास्तरांनी लिहिलं, तुम्ही तिघे एकाच लहानशा बेटावर आहात, तेव्हा भेटणं अगदी सोपं.

सोपं! मी दक्षिणेच्या टोकाला, एक टायपिस्ट ताई उत्तरेला त्रियोलेत, आणि लालमतीचा एक दुकानदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा, पूर्वेला; त्याला आम्ही दुकानदारच म्हणायचो. एकमेकांना भेटायचं म्हणजे प्रत्येकाने बसने राजधानीत, पोर्ट लुईला यायचं आणि बसस्टँडवरच्या बाकावर, डिझेलच्या धुरात बसून बोलायचं. रविवार त्यातच जायचा. परतीच्या बसमध्ये मी उभ्याउभ्या झोपायचे.

पहिल्याच भेटीत दुकानदाराने धडा वाचून दाखवला: जवळच्या रेल्वे स्टेशनवर जा आणि तिकीट खिडकीसमोर तासभर उभे राहून निरीक्षण करा. आमच्या बेटावरची रेल्वे केव्हाच बंद पडलेली, रूळही उपटलेले.

"आमच्या गोठ्याला रुळाची तुळई आहे," तो म्हणाला. "तिच्यासमोर उभा राहतो तासभर. गाय काय म्हणते ते लिहून पाठवतो."

मी दवाखाना सुचवला. पत्रकही दाखवलं. ताईने ते वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. "ह्याने कुणाचा नंबर लागला?" तिने विचारलं. मला राग आला.

पुढच्याच मंगळवारी दोघं रजा काढून आमच्या गावात आली. फाटकाबाहेर टोपल्या, आत माणसं. ताई लॉरीतून उतरणाऱ्या बायकांपाशी गेली, एकेकीशी बोलली. परत येऊन म्हणाली, "मिस्येला वाटतंय टोपल्या म्हणजे पसारा. अगं, ह्या बायकांना एकाच सकाळी दोन ठिकाणी असावं लागतं. त्याची सोय त्यांनी केली आहे. आपण नवीन काही करायचंच नाही. आहे ते मोडू द्यायचं नाही, एवढंच."

मग आम्ही तिघांनी मिळून जे आखलं ते इतकंच: दवाखान्याच्या ओसरीच्या भिंतीला एक लांब फळी. टोपल्या पायरीवर नाहीत, फळीवर, क्रमाने. आतून हाक आली की पहिली टोपली उंच धरून दाखवायची. धनीण आली नसेल तर टोपली एक जागा मागे. तापाने फणफणलेलं मूल असेल तर ते सगळ्यांच्या पुढे. हा नियम बायकांचाच होता, आम्ही फक्त लिहून काढला.

मिस्ये खूप हसला. "आणि टोपलीला ताप आला तर? तिलाही औषध देऊ?"

"द्या की," ताई म्हणाली. "पण पायरी मोकळी राहील, मिस्ये. दारात ढकलाढकल होणार नाही. तुमचा चहा निवांत होईल."

चहाचं त्याला पटलं. करून बघा म्हणाला. दुकानदाराने दुकानातली एक जुनी फळी काढली आणि दोन बस बदलून आणली. कंडक्टर म्हणे, हिचं अर्धं तिकीट काढा. दुकानदार म्हणाला, "काढतो, पण मग तिला बसायला जागा द्या." सगळी बस हसली.

फळी लावली त्या मंगळवारी काकी लॉरीतून उतरली ती गमबूट, डोक्यावर हॅट, हातात कोयता, अशीच. आतून हाक आली. मिस्येनेच टोपली उंच धरली. "निळ्या कडीची कुणाची?"

"माजी!" काकी ओरडली आणि कोयता माझ्या हातात देऊन आत गेली. डॉक्टरने पाय बघितला, जखम साफ करायला सांगितली, दर मंगळवारी दाखवायला सांगितलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "आता लगीन कर. किती दिवस टोपल्या बघत बसशील?"

त्यानंतर ती मंगळवार चुकवेना. जखम कडेने भरत आली. माझ्या आयुष्यात माझ्या लिहिण्याने काही हललं ते तेवढंच. त्याचं मला अजून बरं वाटतं, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीव दमतो.

आम्ही काम लिहून पाठवलं. कितीतरी दिवसांनी उत्तर आलं. मास्तर म्हणत होते, प्रयत्न चांगला आहे, परंतु वस्तू माणसाच्या वतीने थांबू शकत नाही. बाक ठेवावेत. दार उघडल्यावर हजर असलेल्यांना क्रमांक द्यावेत. आम्हाला कसंबसं पास केलं होतं. दुकानदार प्रमाणपत्र घेऊन बोटीवर नोकरीला गेला. ताईच्या ऑफिसने रजा द्यायचं बंद केलं. बसस्टँडवरचा बाक एकदा मी एकटीच धरून बसले होते.

आणि मिस्येची बदली झाली. नवा आला तो तरुण, स्वच्छ, नम्र. त्याने फळी काढली, बाक आणले, पत्र्याचे नंबर करून घेतले. दार उघडल्यावर जे हजर त्यांनाच नंबर. आमच्या मास्तरांची आणि ह्याची कधी गाठ पडली नसणार, तरी शब्द तेच. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाला, "माद्मोझेल, ही आधुनिक पद्धत आहे. सगळ्यांना सारखी." दार उघडतं तेव्हा लॉरीतल्या बायका उसात कमरेएवढ्या तणात असतात. सारखी ती कुणाला?

मी आरोग्य खात्याच्या वरच्या कचेरीत गेले. लिहून द्या म्हणाले. लिहून दिलं. परत गेले. पुन्हा लिहून द्या म्हणाले. पत्रकही काढलं, ह्या वेळी उद्गारचिन्हं न घालता. मी थकले आहे. वय माझं काही फार नाही, पण बसमध्ये चढताना दांडी धरून क्षणभर थांबते.

काकीची जखम परत उघडली आहे. चिंधी गुंडाळून ती लॉरीत चढते. दर मंगळवारी ती तरीही टोपली ठेवते, फळी नाही तर पायरीशी. झाडूवाला येतो, नव्या मिस्येच्या हुकुमाने ती उचलतो आणि फाटकाबाहेर ठेवतो. त्याचीही आई ह्याच लॉरीतून शेतावर जायची. हे ऐकणाऱ्या तुमच्यापैकी किती जणांची जायची, ते तुमचं तुम्हाला माहीत.

म्हणून मला तुमच्याकडून सही नको, वर्गणी नको, देवळातल्या सभेत टाळ्याही नकोत. येत्या मंगळवारी, दार उघडायच्या आधी, दवाखान्याच्या फाटकाशी या. येताना एक फळी आणि चार खिळे आणा. कुणी टोपल्यांकडे वाकला तर मध्ये उभे राहा, आणि काकी शेतावरून येईपर्यंत तिथून हलू नका. तिची टोपली निळ्या कडीची आहे.